भांगाच्या दिवशी बूम कुणाचंही टिकतं

पत्र थोडक्यात असं आहे:

‘ताई, मी मुंबईत एका सरकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचं काम बघते. तेलवाहिनी फुटली तर कोणी काय करायचं, हा आराखडा माझ्याकडे आहे. जुना उघडून पाहिला तर त्यातले निम्मे फोन लागत नव्हते, म्हणून सगळा नव्याने लिहिला. त्यात एका पानावर म्हटलं, की माहुलच्या खाडीत उधाणाला तेल अडवायचं बूम, म्हणजे पाण्यावर तरंगणारा अडसर, टिकणार नाही. साहेब म्हणाले, हे पान काढा, वाचणाऱ्याला वाटेल आपली तयारीच नाही. माझ्या आधी झालेल्या मॉक ड्रिलमध्ये बूम छान राहिलं होतं, त्याचे फोटोही आहेत म्हणे. कंपनीवाले सुरक्षेचं कारण सांगून वाहिनीचा नकाशा देत नाहीत. कोळीवाड्यात बैठक लावली तर चार माणसं आली. नवरा म्हणतो, जे कधी होतच नाही त्यासाठी तू झोप घालवतेस. काही झालं नाही तर माझं काम कुणाला दिसणार नाही आणि झालं तर पहिली नोटीस मला येणार. पान काढू का? की सरळ बदली मागू?’

पान काढू नका. पण आहे तसं ठेवूही नका.

‘बूम टिकणार नाही’ हा निकाल झाला. निकालावर कुठलेही साहेब सही करत नाहीत, कारण त्याखाली सही केली की पुढचा प्रश्न त्यांनाच विचारला जातो: मग तुम्ही काय केलंत? तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर आधी लिहा. प्रवाहाला आडवं लावलेलं बूम साधारण ०.७ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १.३ किलोमीटर) तेल धरतं, त्यापुढे तेल खालून निसटू लागतं. हा कुणाच्या हलगर्जीपणाचा विषय नाही, पाण्याचा स्वभाव आहे. मुंबई बंदरात उधाणाला प्रवाह याच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून उधाणाला बूम आडवं लावायचंच नाही. प्रवाहाशी तिरकं लावून तेल किनाऱ्यावरच्या ठरलेल्या जागी वळवायचं आणि तिथून उचलायचं. ती जागा कोणती, तिथपर्यंत टँकर जाईल असा रस्ता आहे का, स्किमर (पाण्यावरचं तेल उचलणारं यंत्र) कोण आणणार, रात्री दिवे कुठून येणार, हे लिहा. मजकूर तोच राहील, फक्त तो तक्रार न वाटता आदेश वाटेल. साहेब सही करतील. नाहीच केली, तर पान कार्यालयीन टिपणीत तारखेसह नोंदवा आणि फाईल वर पाठवा. तुमचं म्हणणं कागदावर राहिलं, की खोडणाऱ्याला स्वतःचा शेरा लिहावा लागतो. बहुतेक जण तो लिहीत नाहीत.

आता ते फोटो. त्या ड्रिलची तारीख शोधा आणि कालनिर्णय काढून तिथी बघा. अष्टमी-नवमीच्या आसपासची निघाली, तर खाडीत भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असणार. भांगाच्या दिवशी पाणी अंग चोरून चालतं आणि बूम कुणाचंही टिकतं. त्यातही ड्रिल सकाळी अकराला, पाहुणे येऊन स्थिरस्थावर झाल्यावर, पाणी थांबलेल्या वेळी झालं असेल, तर त्या फोटोंवरून बूमबद्दल काहीच कळत नाही. पुढचं ड्रिल पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, ओहोटीचं पाणी वेगाने बाहेर जात असताना आणि शक्य तर रात्री ठेवायचा प्रस्ताव द्या. साहेबांशी वाद घालू नका. खाडीला सांगू द्या.

नवऱ्याचं म्हणणं त्याच्या परीने खरं आहे, पण ‘कधी होतच नाही’ हे खरं नाही. १७ मे १९९३ ला मुंबई हायहून उरणला येणारी मुख्य वाहिनी फुटली आणि हजारो टन कच्चं तेल समुद्रात गेलं. जानेवारी २०११ मध्ये मुंबई-उरण वाहिनीतून पुन्हा गळती झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये उरणला गळती होऊन तेल किनाऱ्यापर्यंत आलं. या झाल्या वाहिन्यांच्या गोष्टी. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही दोन जहाजं आदळली. ते तेल वाहिनीतलं नव्हतं, पण खारफुटीला चिकटलेलं तेल काय असतं ते मुंबईने तेव्हा पाहिलं आणि मासे घ्यायला लोक कसे बिचकतात तेही. आपल्याकडे आठवण मात्र पुढच्या बातमीपर्यंतच टिकते.

तुमच्या पत्रात बूम आहे, नकाशा आहे, बैठक आहे. पहिला तास मात्र कुठे दिसला नाही. आराखडे बहुधा इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्शल नावाचं गाव आहे. तिथे २५ जुलै २०१० च्या संध्याकाळी एन्ब्रिज कंपनीची वाहिनी फुटली. नियंत्रण कक्षात अलार्म वाजले. बसलेल्यांना वाटलं, वाहिनीत पोकळी झाली आहे, दाब दिला की भरेल. त्यांनी पंप दोनदा पुन्हा सुरू केले. गावातले लोक त्याच रात्री वास येतो म्हणून फोन करत होते. वाहिनी फुटली आहे हे कंपनीला कळलं सतरा तासांनी, आणि तेही बाहेरच्या माणसाने, गॅस कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने, फोन करून सांगितलं तेव्हा. तोवर तीस लाख लिटरहून अधिक तेल ओढ्यातून नदीत गेलं होतं. त्या कंपनीकडे आराखडा नव्हता असं नाही. वास आलेला माणूस आणि व्हॉल्व्ह बंद करू शकणारा माणूस यांच्यात मात्र तारच जुळली नव्हती.

हे चित्र आता माहुल-आंबापाड्यावर ठेवून बघा. तिथे वास रोजचाच आहे. दोन रिफायनऱ्या, टाक्यांची गावं, टँकरच्या रांगा. वास आला म्हणून तिथला माणूस फोन करायचा कधीच थांबला असेल आणि केला तरी घेणारा ‘नेहमीचंच’ म्हणून नोंद करील. संगणकावरची गळती-यंत्रणा दाब एकदम घसरला की ओरडते; वाहिनीच्या प्रवाहाच्या मानाने अगदी किरकोळ असलेली गळती तिला बऱ्याचदा दिसतच नाही. ती दिसते वाहिनीच्या कडेने चालत पाहणी करणाऱ्या लाईन वॉकरला, वॉचमनला, खाडीत खुबे-चिंबोऱ्या काढणाऱ्या बाईला. म्हणून तुमच्या आराखड्याचं पहिलं पान या माणसांच्या फोनपासून सुरू झालं पाहिजे. १९१६ वर महापालिकेत फोन आला तर ऑपरेटरने कोणते प्रश्न विचारायचे? वास पेट्रोलचा की डांबरासारखा, पाण्यावर तवंग दिसतो का, नाला कोणता, जवळ वाहिनीचा खांब असेल तर त्यावरचा नंबर काय. आणि ही उत्तरं त्याने कुठल्या कंपनीच्या नियंत्रण कक्षाला, कुणाची परवानगी न घेता सांगायची? ‘परवानगी न घेता’ हे शब्द आराखड्यात छापून घ्या. तेवढे मिळवलेत तरी या खुर्चीत बसल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट, वाहिनीत त्या क्षणी काय वाहतंय ते. मुंबईहून मनमाडकडे किंवा पुण्याकडे जाणाऱ्या वाहिन्यांमधून पेट्रोल, डिझेल अशी वेगवेगळी उत्पादनं एकामागोमाग एक जातात. कच्चं तेल किंवा फर्नेस ऑइल असेल तर अडवायचं, गोळा करायचं. पेट्रोल असेल तर बूम लावून एका जागी साठवणं म्हणजे आगीला आमंत्रण. तिथे माणसं हलवायची, वाहनं आणि चुली बंद करायच्या, अग्निशमन दलाचं ऐकायचं आणि वाफ जाऊ द्यायची. जुन्या आराखड्यांत या दोन्हींना एकच परिच्छेद असतो. तुमच्यात दोन वेगळी पानं हवीत, आणि कुठलं उघडायचं हे कंपनीच्या नियंत्रण कक्षाने पहिल्या फोनमध्येच सांगायला हवं.

नाल्यांचं तर विचारूच नका. चीनमध्ये किंगडाओ शहरात २२ नोव्हेंबर २०१३ च्या पहाटे वाहिनीतून तेल गळलं आणि पावसाळी गटारात शिरलं. दुरुस्ती सुरू होती, लोक घरातच होते. काही तासांनी गटारातल्या वाफेचा स्फोट झाला आणि ६२ माणसं गेली. मेक्सिकोत ग्वादलाहारा इथे एप्रिल १९९२ मध्ये पेट्रोल असंच मलवाहिनीत गेलं. आधीचे काही दिवस लोक गटारातून वास येतो म्हणून सांगत होते. दोनशेहून अधिक मेले. मुंबईत चेंबूर-माहुलच्या पट्ट्यात वाहिनी, पर्जन्यवाहिनी, झोपडपट्टी आणि रस्त्याचं खोदकाम हे एकाच फुटपाथखाली नांदतात. तेव्हा महापालिकेच्या पर्जन्यवाहिनी विभागाचा माणूस तुमच्या यादीत ‘इतर विभाग’ या रकान्यात आहे का, ते बघा. असेल तर त्याला वर आणा. कोणता मॅनहोल कोणत्या नाल्याला आणि तो नाला खाडीला कुठे मिळतो, हे त्याला माहीत असतं. खोदकामासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. आपल्या भागातले ठेकेदार ते खरंच वापरतात का, हे एकदा वॉर्ड ऑफिसात जाऊन विचारा.

नकाशाचं गाऱ्हाणं मला तितकंसं पटलं नाही. कंपनी सुरक्षेचं कारण सांगते ते अगदीच खोटं नाही. तेलचोर वाहिनी खणून तिला व्हॉल्व्ह बसवतात, हे तुम्हालाही माहीत आहे. पण नकाशाशिवाय तुमचं अडतंय कुठे? जमिनीखालून वाहिनी नेण्याचा हक्क १९६२ च्या कायद्याने घेतला जातो आणि त्याची अधिसूचना सर्व्हे नंबरांसह राजपत्रात येते. ती राजपत्रं आणि सक्षम प्राधिकाऱ्याचं दप्तर महसूल खात्याला अनोळखी नाही. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा जिल्ह्याने करायचा आणि त्यासाठी लागणारी माहिती कंपनीने द्यायची, असं ठरवून दिलंय. पेट्रोलियम नियामक मंडळाचे २०१० चे आपत्कालीन नियमही आहेत. तेव्हा ‘नकाशा द्या’ असं मोघम पत्र न पाठवता नेमकं विचारा: व्हॉल्व्ह कुठे कुठे आहेत, दोन व्हॉल्व्हमध्ये तेल किती मावतं, व्हॉल्व्ह दुरून बंद होतो की माणूस पाठवावा लागतो आणि त्याला रात्री किती वेळ लागतो. समजा वाहिनी १८ इंची असेल, तर एका किलोमीटरच्या पोटात साधारण दीड लाख लिटर तेल असतं. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही उतारावरचं तेल फुटलेल्या जागेतून येतच राहतं. ‘आम्ही लगेच बंद करतो’ या वाक्याचा अर्थ हे आकडे हाती आल्यावरच कळतो.

जबाबदाऱ्यांची वाटणी कागदावर छान दिसते. समुद्रातल्या तेलाचा समन्वय १९८६ पासून तटरक्षक दलाकडे, बंदराच्या हद्दीत बंदर, किनारा राज्य सरकारचा, जमिनीवरची वाहिनी कंपनीची. समुद्रातल्या तेलगळतीच्या राष्ट्रीय योजनेत ७०० टनांपर्यंत पहिली पातळी, १०,००० टनांपर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. पण शिवडी-माहुलचा चिखल भरतीला समुद्र असतो आणि ओहोटीला जमीन. वर खारफुटी असली की वनखात्याचा कांदळवन कक्षही आला, आणि ठाणे खाडीच्या वरच्या अंगाला फ्लेमिंगो अभयारण्य. ओहोटी लागल्यावर चिखलात उतरायचा हुकूम कोण देणार? हे एका ओळीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि उतरायचंच की नाही, हेही आधी ठरवा. तिवरांच्या श्वासमुळांवर तेल बसलं की झाड गुदमरतं हे खरं, पण शंभर माणसं गमबूट घालून त्यात नाचली तर तेच तेल चिखलात खोल जातं आणि वर्षानुवर्षं राहतं. उथळ पाण्यात आणि खारफुटीजवळ तेल विरघळवणारी रसायनं मारायची नाहीत, हेही ठळक छापा. ऐन वेळी कुणीतरी उत्साही माणूस ड्रम घेऊन येतोच. गोळा केलेला तेलकट कचरा मूळ तेलाच्या कितीतरी पट होतो. तो तळोज्याला घातक कचऱ्याच्या केंद्रात जाईपर्यंत कुठे ठेवायचा, हे बहुतेक आराखड्यांत नसतं.

कोळीवाड्यात चार माणसं आली यात मला नवल वाटलं नाही. तुम्ही बैठक कार्यालयाच्या वेळेला ठेवली असणार. कोळ्यांचं घड्याळ पाण्यावर चालतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात. तेव्हा जा. मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात जा, आणि मासळी विकणाऱ्या बायकांशी वेगळं बोला, त्या बैठकीत पुढे बसत नाहीत. त्यांना ‘जनजागृती’ करू नका. त्यांना विचारा, की वाहून आलेला कचरा कुठल्या वळणावर साठतो, डोल जाळी कुठे लावलेली असते, उधाणाला पाणी कुठल्या फाट्यात आधी शिरतं. बूम तिरकं लावून तेल ज्या जागी वळवायचं, ती जागा तुम्हाला तेच दाखवतील.

आणि ते विचारतील, भरपाईचं काय? इथे गुळमुळीत उत्तर देऊ नका. टँकर जहाजातून तेल सांडलं तर आंतरराष्ट्रीय कराराखाली भरपाईची सोय आहे. वाहिनीतल्या तेलाला ती लागू नाही. दावा इथल्या कायद्यांनीच लढावा लागतो, आणि दाव्याला आधीच्या नोंदी लागतात. २०११ मध्ये मुंबईजवळ बुडालेल्या ‘रॅक कॅरिअर’ जहाजाच्या प्रकरणात हरित लवादाने १०० कोटींची पर्यावरण भरपाई ठोठावली ती २०१६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत कागद कोण सांभाळणार? म्हणून सोसायटीच्या विक्रीच्या वह्या आणि डिझेल कोट्याच्या नोंदी नीट ठेवायला आत्ताच सांगा. खाडीच्या पाण्याचे आणि चिखलाचे नमुने तेल सांडायच्या आधी घेऊन ठेवायची व्यवस्था प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागा. सांडल्यानंतर घेतलेल्या नमुन्याला समोरचा वकील एकच प्रश्न विचारतो: आधी किती होतं? बैठकीला चाळीस माणसं यायला हवी असतील, तर विषयपत्रिकेवर पहिला विषय हा ठेवा.

नोटिशीची भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय टिपणी, इतिवृत्त आणि पोच हाच. यात भित्रेपणा नाही, नोकरी अशीच करायची असते. काम दिसत नाही म्हणता, तर ते दिसेल असं मोजा. पहिल्या फोनपासून व्हॉल्व्ह बंद व्हायला ड्रिलमध्ये किती मिनिटं लागली, हा आकडा दर वेळी फाईलला लावा. फोटोपेक्षा साहेबांना हा आकडा वरच्यांना दाखवायला आवडेल, तो कमी होत गेला तर आणखीच.

झोपेच्या बाबतीत मात्र मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे. रात्री तुम्हालाच फोन येतो, कारण आराखड्यात तुमचा स्वतःचा मोबाईल घातला असणार. जुन्या आराखड्यातले निम्मे नंबर का लागत नव्हते? ते माणसांचे होते आणि माणसांच्या बदल्या झाल्या. यादीत पदाचा, ड्यूटीवरचा फोन घाला, त्याला पाळ्या लावा, तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर सगळ्यांत वर ठेवा आणि दर महिन्याला कुणाला तरी सगळे नंबर फिरवून बघायला बसवा. तुम्ही रजेवर असताना यंत्रणा चालली पाहिजे. चालत नसेल, तर तुम्ही आराखडा केला नाही, स्वतःलाच आराखड्यात बसवलंय.

बदलीचं सांगते. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे तुमची तीन वर्षं व्हायची असतील तर मध्येच मागायची घाई करू नका. हे काम नीरस आहे म्हणून जायचं असेल तर जा, त्यात लाज नाही. पण साहेबांनी एक पान काढायला सांगितलं म्हणून जाणार असाल तर त्या पानाचा निकाल लागेपर्यंत थांबा. उधाणातली एक तालीम करा, तिचं इतिवृत्त मंजूर करून घ्या, पुढच्या माणसासाठी चार्ज नोट लिहा: कोणाशी बोलायचं, कंपनीत खरं उत्तर कोण देतं, कोळीवाड्यात कुणाच्या ओटीवर बसायचं. अर्ज हवा तर आजच टंकून ठेवा. तारीख त्या तालमीनंतरची घाला.